यान काप्लिन्स्कीला मराठीत आणायचं तर

तुमचा प्रश्न असा: यान काप्लिन्स्की या एस्टोनियन कवीच्या दहा-बारा कविता तुम्ही इंग्रजीवरून मराठीत केल्यात आणि त्या एका अंकाला द्यायच्यात. संपादकांनी कवीचा परिचय मागितलाय आणि वर एक खोचक शेराही मारलाय, की मूळ भाषेचा गंध नसताना केलेलं भाषांतर म्हणजे दुसऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवणं. तर हा माणूस नक्की कोण, त्याला जिकडेतिकडे 'कवी आणि भाषांतरकार' असं जोडीनं का म्हणतात, आणि इंग्रजीवरून केलेलं चालतं का.

चालतं. मी सत्तावीस वर्षं परक्या कविता मराठीत आणते आहे आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त इंग्रजीच्याच पुलावरून आल्या. त्याची मला लाज नाही. पण काप्लिन्स्कीच्या बाबतीत एक गोष्ट मला फार उशिरा कळली, तीच तुम्हाला सांगायची आहे. त्याची एस्टोनियन भाषा इंग्रजीपेक्षा मराठीच्या अंगाला जास्त बसते. इंग्रजीत जाताना जे सांडतं, त्यातलं पुष्कळसं मराठीत परत भरून घेता येतं. मात्र त्यासाठी मूळ पान शेजारी उघडं ठेवून बसावं लागतं. भाषा 'येत' नसली तरी कोश घेऊन कवितेच्या वीस ओळी उलगडता येतात. मलाही एस्टोनियन तेवढीच येते.

आधी नाव. 'जान' नव्हे, यान. एस्टोनियन 'जे'चा उच्चार आपल्या 'य'सारखा. आणि परिचयात त्याला रशियन कवी म्हणू नका. तुम्ही म्हणणार नाही हे मला माहीत आहे, पण मुद्रितं स्वतः तपासा. माझी त्याची पहिली चार भाषांतरं एका दिवाळी अंकात आली, तेव्हा मी 'एस्टोनियन' लिहून दिलं होतं आणि छापून आलं 'रशियन कवी'. कोणीतरी परस्पर 'सोपं' करून टाकलं होतं. मी फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "ताई, ते तिकडचेच ना सगळे?" ज्याच्या बापाला सोव्हिएत सत्तेनं उचलून नेलं त्याला मी त्याच सत्तेच्या खात्यात जमा केलं, असं मला कित्येक दिवस वाटत राहिलं.

बापाची गोष्ट परिचयात यायलाच हवी. काप्लिन्स्कीचा जन्म २२ जानेवारी १९४१ चा, तार्तू शहरातला. तार्तू म्हणजे एस्टोनियाचं विद्यापीठाचं गाव. राजधानी ताल्लिन, पण लिहिणारे-वाचणारे तार्तूचे. वडील येझी काप्लिन्स्की पोलिश होते आणि विद्यापीठात पोलिश शिकवत. आई नोरा एस्टोनियन. १९४० मध्ये सोव्हिएत फौजा आल्या, १९४१ मध्ये वडिलांना अटक झाली आणि ते छावणीतून परत आले नाहीत. यान तेव्हा काही महिन्यांचा होता. म्हणजे बापाची भाषा घरात होती ती फक्त आडनावात. पुढे साठी ओलांडल्यावर, २००३ मध्ये, त्यानं 'इसाले' म्हणजे 'वडिलांना' या नावाचं पुस्तक लिहिलं, कधीच न आठवणाऱ्या माणसाला उद्देशून. मी त्याच्या कवितांत 'रिकामी जागा' शोधत बसत नाही, तसलं वाचन मला आवडत नाही. पण जो पोरगा अर्धा अशा भाषेचा आहे जी त्याला कोणी घरात बोलून दाखवली नाही, तो जन्मभर भाषा गोळा करत सुटला यात मला नवल वाटत नाही.

त्यानं तार्तू विद्यापीठात फ्रेंचचा अभ्यास केला, १९६४ मध्ये पदवी घेतली. पुढे भाषाशास्त्र, समाजशास्त्र, ताल्लिनच्या वनस्पती उद्यानात पर्यावरणाचं काम असं पुष्कळ काही केलं. फ्रेंच, इंग्रजी, स्पॅनिश, स्वीडिश आणि चिनी या भाषांतून त्यानं एस्टोनियनमध्ये भाषांतरं केली. स्वीडिश कवी टोमास ट्रान्सट्रोमर, ज्याला २०११ मध्ये नोबेल मिळालं, त्याच्या कवितांचं पुस्तक एस्टोनियनमध्ये आणलं ते काप्लिन्स्कीनं.

आता 'कवी आणि भाषांतरकार' या जोडीबद्दल. एस्टोनियन बोलणारी माणसं जेमतेम अकरा लाख. आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. एवढ्या छोट्या भाषेला सगळं जग स्वतःच्या भाषेत वाचायचं असेल तर ते कोणीतरी घरातल्यानंच आणून द्यावं लागतं, आणि बहुतेक वेळा तो कोणीतरी कवीच असतो. दुसरं कारण जास्त कडवट आहे. स्टालिनच्या काळात ज्यांची स्वतःची कविता छापली जात नव्हती, त्यांना भाषांतर हाच एक उघडा दरवाजा होता. बेट्टी आल्व्हेर ही मोठी कवयित्री. तिचा नवरा हेइती ताल्विक, तोही कवी. तो १९४७ मध्ये सायबेरियात वारला. तिला स्वतःचं काही छापता येत नव्हतं, ती वर्षं तिनं भाषांतरावर काढली. रशियन कवी पुश्किनचं 'येव्गेनी ओनेगिन' तिनं एस्टोनियनमध्ये आणलं, ते १९६४ मध्ये निघालं. ज्या भाषेच्या राज्यानं नवरा नेला, त्याच भाषेतल्या सर्वात लख्ख कवितेवर ती इतकी वर्षं बसली. यावर मला काही बोलता येत नाही. पण एस्टोनियात 'भाषांतरकार' हा शब्द कवीच्या नावामागे शेपटासारखा येत नाही, हे एवढ्यावरून कळावं.

काप्लिन्स्कीवर ज्याचा खरा हात होता तो उकू मासिंग. १९०९ चा जन्म, १९८५ मध्ये मृत्यू. कवी, धर्मशास्त्राचा पंडित, तार्तूत जुना करार आणि सेमिटिक भाषा शिकवायचा. सोव्हिएत सत्ता आल्यावर धर्मशास्त्राचा विभागच बंद झाला आणि हा माणूस घरी बसला. घरी बसून लिहीत आणि भाषांतरं करत राहिला. त्याला साठांहून अधिक भाषा येत असं सांगतात. त्यातल्या किती 'येत' आणि किती आपल्या माझ्यासारख्या 'कोश घेऊन' ते सोडा. त्यानं टागोर एस्टोनियनमध्ये आणले. जर्मनांच्या ताब्यातल्या काळात त्यानं आणि त्याच्या बायकोनं एका ज्यू विद्यार्थ्याला वाचवलं, लपवलं. तो विद्यार्थी म्हणजे पुढे नावारूपाला आलेला लोकसाहित्याचा अभ्यासक इसिदोर लेव्हिन. त्याबद्दल इस्रायलनं मासिंग दांपत्याचा गौरव केला. मासिंगचं एक ठाम मत होतं, की फिनो-उग्रिक, म्हणजे एस्टोनियन-फिनिशच्या कुळातली, भाषा बोलणाऱ्याचं जग युरोपच्या बाकी भाषांपेक्षा वेगळ्या पद्धतीनं रचलेलं असतं. व्याकरणच निराळं, म्हणून विचारही निराळा. तरुण काप्लिन्स्की या मताच्या आहारी गेला होता. नंतर तो थोडा सावध झाला, गुरूकडेही जरा लांबून पाहू लागला. २००७ मधली त्याची 'सेएसामा योगी', म्हणजे 'तीच नदी', ही कादंबरी याच गुरुशिष्यांच्या ओढाताणीवर उभी आहे. कादंबरीत नाव नाही, नुसता 'गुरू' आहे. पण एस्टोनियन वाचकाला कोण ते लगेच कळतं. अडीच पानं वाचून कंटाळू नका, पुढे ती पकड घेते.

त्याच तार्तूत लिन्नार्त मॅल हा अभ्यासक होता. त्यानं 'धम्मपद' १९७७ मध्ये, ताओवादाचा चिनी ग्रंथ 'दाओदेजिंग' १९७९ मध्ये, भगवद्गीता थेट संस्कृतातून १९८० मध्ये आणि शांतिदेवाचा 'बोधिचर्यावतार' १९८२ मध्ये एस्टोनियनमध्ये आणला. सोव्हिएत राज्यात! गीता देशी भाषेत आणण्याचं आपल्याला सातशे वर्षांत अप्रूप राहिलेलं नाही, पण तिथे ते काय धाडस असेल. काप्लिन्स्कीच्या कवितेत जे बौद्ध आणि ताओवादी वळण दिसतं ते या हवेतलं आहे. इंग्रजी प्रस्तावनांत त्याला 'पूर्वेकडून प्रभावित' म्हणतात, तेव्हा मराठी वाचक लगेच आपल्या अध्यात्माचा टिळा त्याला लावायला बघतो. लावू नका. 'माया', 'मोक्ष', 'साक्षी' हे शब्द तुमच्या भाषांतरात शिरले असतील तर काढा. तो कुंपण दुरुस्त करणारा माणूस आहे.

त्याची सुरुवातीची कविता मात्र कुंपणाची नाही, मंत्राची आहे. १९६५ मध्ये पहिला संग्रह, १९६७ मध्ये 'धूळ आणि रंग' अशा अर्थाच्या नावाचा दुसरा, आणि त्यानं तो एकदम पुढच्या रांगेत आला. व्हर्सिंगेटोरिक्सची प्रसिद्ध कविता याच तरुणपणातली. हा गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या प्राचीन लोकांचा सरदार, इसवी सनापूर्वी ५२ मध्ये सीझरकडून हरलेला. कवितेत तो सीझरला सांगतो, की आम्ही राहतो ती जमीन तू घेऊ शकशील, पण ज्या जमिनीत आम्ही मेलो ती तुला घेता येणार नाही. साठच्या दशकातल्या एस्टोनियात सीझर म्हणजे कोण, हे सेन्सॉरलाही कळत असणार. पण रोमचा इतिहास कापायचा कुठे? त्या काळातलं त्याचं आणखी एक काम तुम्ही शक्य असेल तर ऐकाच: संगीतकार वेल्यो तोर्मिसची १९७२ मधली 'लोखंडाला शाप' ही समूहगायनाची रचना. तिच्या शब्दांत जुन्या लोककाव्याबरोबर काप्लिन्स्कीचा हात आहे. ढोलाच्या एका ठोक्यावर सगळा कोरस लोखंडाला त्याचं जन्मरहस्य सांगत शिव्या घालतो आणि मग ते लोखंड आजच्या बॉम्बपर्यंत येऊन पोचतं.

त्या लोककाव्याला तिकडे 'रेगिलाउल' म्हणतात. आठ अक्षरांच्या चालीतली गाणी, एक बाई म्हणते, बाकीच्या ओळ उचलतात. आणि पहिल्या ओळीतलं म्हणणं दुसऱ्या ओळीत जरासं बदलून पुन्हा येतं. तुम्ही जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या असतील तर हे अर्धं ओळखीचं वाटेल. काप्लिन्स्कीच्या मोकळ्या कवितेतही ही दुहेरी ओळ खाली वाहत असते. इंग्रजीत ती पुनरुक्ती वाटते आणि भाषांतरकार ती छाटतो. मराठीत छाटायची गरज नाही.

१९८० चं शरद. ताल्लिनमध्ये पंक संगीताचा एक कार्यक्रम बंद पाडला, पोरं रस्त्यावर आली, मिलिशियानं, म्हणजे सोव्हिएत पोलिसांनी, त्यांना बडवलं. २८ ऑक्टोबरला चाळीस लेखक-कलावंत-शास्त्रज्ञांनी सह्या करून एक खुलं पत्र वर्तमानपत्रांना पाठवलं: हा पोरांचा दंगा नाही, आपल्या भाषेचं आणि लोकांचं काय होणार ही त्यामागची भीती आहे. 'चाळिसांचं पत्र' म्हणून ते ओळखलं जातं. काप्लिन्स्की त्यामागच्या मुख्य लोकांपैकी. एकाही सोव्हिएत वर्तमानपत्रानं ते छापलं नाही. ते हातानं नकलून आणि परदेशी रेडिओवरून पसरलं, आणि सह्या करणाऱ्यांच्या मागे चौकशा लागल्या. स्वातंत्र्य आल्यावर तो १९९२ ते १९९५ संसदेतही होता. राजकारण त्याला मानवलं असं मला वाटत नाही. परिचयात एक ओळ पुरे.

मला जिवाभावाचा वाटतो तो १९८५ मधला संग्रह, आणि तुमच्या बऱ्याच कविता त्यातल्याच दिसतात. इथे मंत्र संपला. मुलाबाळांचं घर, गळकं छप्पर, स्वयंपाकघराचं न लागणारं दार. धुण्याची ती प्रसिद्ध कविता घ्या, तुम्हीही ती केलीच आहे. पहिलं वाक्य एस्टोनियनमध्ये असं: 'पेसू एइ सा कुनागी पेस्तुद'. 'पेसू' म्हणजे धुणं, आणि 'पेस्तुद' म्हणजे धुतलेलं. दोन्ही एकाच धातूचे. इंग्रजीत 'वॉशिंग' राहिलं पण शेवटी 'डन' आलं, धातू तुटला. तुम्ही इंग्रजीवरून 'कपडे धुण्याचं काम कधीच संपत नाही' असं केलंय. आता मराठी बघा: 'धुणं कधी धुऊन होत नाही.' काही करावं लागलं नाही, ती ओळ तशीच आली. 'सामा' हे तिथलं क्रियापद होण्याचं, मिळण्याचं, जमण्याचं. आपलं 'धुऊन होणं' मधलं 'होणं' जवळजवळ त्याच जागी बसतं.

पुढच्या ओळी त्याच साच्यातल्या, आणि चौथीत म्हणतो, आयुष्य कधी 'वाल्मिस' होत नाही. इंग्रजीत 'कम्प्लीटेड'. तुम्ही 'पूर्ण' केलंय. 'वाल्मिस' म्हणजे तयार, झालेलं, आणि त्याच कुळातलं क्रियापद पिकण्यासाठीही वापरतात. धान्य शेतात 'वाल्मिस' होतं. आपल्याकडे आंबा तयार झाला म्हणतात ना? तसं. 'आयुष्य कधी तयार होत नाही.' 'पूर्ण' हा शब्द इतका चकचकीत आहे की त्यामागे उपनिषद येऊन बसतं. 'तयार'मागे गवतात घातलेली आंब्यांची अढी येते. मला दुसरं पाहिजे.

व्याकरणाचं थोडं बोलते. एस्टोनियनमध्ये चौदा विभक्ती आहेत, ऐकून लोक घाबरतात. इंग्रजी माणसानं घाबरावं, आपण का? घराला 'माया' म्हणतात. (हो, माया. मीही हसले होते.) 'मायास' म्हणजे घरात, 'मायास्त' म्हणजे घरातून, 'मायागा' म्हणजे घरासकट, 'मायाता' म्हणजे घराविना. शब्दाच्या शेपटीला प्रत्यय चिकटतो, इंग्रजीसारखे पुढे सुटे तुकडे येत नाहीत. उपपदं नाहीत, आपल्याकडेही नाहीत. पुस्तक जवळ असणं इंग्रजीत 'मी पुस्तक बाळगतो' अशा रचनेचं. एस्टोनियनमध्ये 'मुल ऑन रामात', म्हणजे माझ्याकडे पुस्तक आहे. 'मुल्ले मेल्दिब' म्हणजे मला आवडतं. थंडी वाजते तेव्हा ते 'मी थंड आहे' म्हणत नाहीत, 'माझ्यापाशी थंडी आहे' असं म्हणतात. काप्लिन्स्कीच्या एका निबंधाच्या नावातच प्रश्न आहे, की जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर मोर्दविन असता तर? मोर्दविन म्हणजे एस्टोनियनच्या दूरच्या नात्यातल्या भाषा बोलणारे लोक. म्हणजे 'असणं' या क्रियापदावर अख्खं तत्त्वज्ञान उभारलेलं असेल, तर ते दुसऱ्या घडणीच्या भाषेत उभं राहिलं असतं का? आणि गंमत अशी, की कुळ बघायला गेलं तर मराठी इंग्रजीची लांबची चुलत बहीण आहे आणि एस्टोनियन दोघींची कोणीच नाही. तरी 'माझ्याकडे आहे' आपण आणि ते सारखंच म्हणतो.

एक जागा मात्र अशी आहे जिथे मराठी फसते. एस्टोनियनमध्ये लिंगच नाही. 'ता' म्हणजे तो, ती, काहीही. क्रियापदंही लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. इंग्रजीत निदान 'आय' तरी सुटतो. मराठीत 'मी उभा होतो' की 'मी उभी होते' हे पहिल्याच शब्दात ठरवावं लागतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा हातातून 'मी बसले' असं उतरलं, बाई आहे ना. मग खोडून 'बसलो' केलं आणि कविता एकदम त्याची झाली, परकी झाली. यावर मला सापडलेला उपाय वर आलाच आहे. 'मला दिसतं', 'मला ऐकू येतं', 'माझ्या लक्षात येतं' या रचनांना लिंग लागत नाही, आणि मूळ भाषेच्या स्वभावाला त्या धरूनही आहेत. 'मी पाहतो की हिमावर मांजराची पावलं आहेत' यापेक्षा 'हिमावर मांजराची पावलं दिसतायत' हे जास्त एस्टोनियन आहे. मात्र सगळीकडे हेच केलंत तर कवितेतला माणूसच गायब होईल. जिथे तो स्वतः काही करतो, लाकडं फोडतो, कुंपण ठोकतो, तिथे 'मी फोडतो' येऊ द्या. तो पुरुष होता, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आवाजाचं सोडून द्या. एस्टोनियनमध्ये ऱ्हस्व, दीर्घ आणि अतिदीर्घ अशी तिहेरी लांबी असते. 'लिना' म्हणजे जवस किंवा चादर, 'लिन्ना' म्हणजे शहराचा, आणि तेच आणखी ताणून म्हटलं की शहरात जाणं. लिहिताना शेवटच्या दोघांत फरकही दिसत नाही. हे कुठल्याच भाषेत येणार नाही. हळहळ करत बसू नका.

आता त्या १९८५ मधल्या संग्रहाच्या नावाकडे येते, कारण तुम्ही तिथे मोहात पडलात. नाव आहे 'संध्याकाळ सगळं परत आणते'. त्यात साफो या प्राचीन ग्रीक कवयित्रीच्या एका तुकड्याचा पडसाद आहे: पहाटेनं जे विखुरलं ते सांजतारा परत आणतो, मेंढरू, बकरी, आईकडे लेकरू. तुम्ही केलंय 'दिवेलागणीला सगळं घरी येतं'. सुंदर आहे. ऐकताच माझ्या अंगावर काटा आला, आणि म्हणूनच मी थांबले. तार्तू साधारण अठ्ठावन्न अंश उत्तरेला आहे. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहानंतर मावळतो, डिसेंबरात दुपारी साडेतीनच्या आत अंधारतं. मग दिवेलागण नक्की कधीची? आपल्याकडे वर्षभर सहा-सातच्या सुमाराला तुळशीपुढे दिवा लागतो, गुरं परततात, 'शुभं करोति' सुरू होतं. हे सगळं त्या एका शब्दात बसलंय. काप्लिन्स्कीच्या संध्याकाळी देव नाही, परवचा नाही. उन्हाळ्यात न संपणारा फिकट उजेड आहे, हिवाळ्यात मधल्या सुट्टीनंतर आलेली रात्र आहे. 'संध्याकाळ' ठेवा. थोडी कोरडी आहे, असू दे.

तुमच्या संपादकांच्या शेऱ्याला एक उत्तर देता येईल. तुमच्या हातातलं इंग्रजी हे पूर्णपणे परक्याचं नाही. १९८५ चं 'द सेम सी इन अस ऑल' आणि १९८७ चं 'द वॉन्डरिंग बॉर्डर' ही पुस्तकं अमेरिकेत निघाली तेव्हा कवी सॅम हॅमिलबरोबर काप्लिन्स्की स्वतः भाषांतराला बसला होता. पुढच्या इंग्रजी पुस्तकांतही त्याचा हात आहे. म्हणजे कवीनं स्वतः काय सोडलं आणि काय बदललं ते तिथे दिसतं. मूळ आणि इंग्रजी जिथे वेगळं बोलतात, ती जागा चूक समजू नका. ती तुमच्यासाठी ठेवलेली खूण आहे. 'भटकी सरहद्द' या नावाची कविताच सांगते, की पूर्व आणि पश्चिम यांची सीमा कायम हलत असते, आणि आत्ता ती कुठे आहे, गॉगामेलात (अलेक्झांडरनं पर्शियनांना हरवलं ते रणांगण), उरलमध्ये की आपल्याच आत, ते सांगता येत नाही.

शेवटच्या वर्षांतला एक धडा परिचयात घालाच. दक्षिण एस्टोनियात वोरो नावाची बोली आहे, स्वतःची जुनी साहित्यपरंपरा असलेली. बोलणारे तिला वेगळी भाषाच मानतात. आपल्या मालवणी-अहिराणीबद्दल जे वाद होतात तसेच तिथेही. काप्लिन्स्कीनं वोरोमध्ये कविता लिहिल्या. आणि मग २०१४ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, रशियन भाषेत लिहिलेल्या कवितांचं पुस्तक काढलं: 'रात्रीची पांढरी फुलपाखरं'. भाषांतर नव्हे, थेट रशियनमध्ये. रशियाबाहेर राहून रशियनमध्ये लिहिणाऱ्यांसाठी असलेला 'रुस्काया प्रेमिया' त्याला मिळाला. देशातले जवळपास चौथाई लोक रशियनभाषक, आणि एस्टोनियन लेखकानं त्यांच्या भाषेत लिहावं ही गोष्ट दोन्हीकडच्यांना खटकणारी. लहानपणी त्याला कवितेचं वेड लावलं ते रशियन कवी लेर्मोंतोव्हनं, असं तो सांगायचा. ज्या भाषेतून बापाच्या अटकेचा हुकूम निघाला, त्याच भाषेतून कविताही आली होती, आणि त्यानं दुसरी गोष्ट पहिलीच्या हवाली केली नाही. म्हणून म्हणते, 'रशियन कवी' असं छापणाऱ्याला माझा राग आहे तो वेगळ्या कारणानं. त्या माणसानं रशियन कवी होणं स्वतः निवडलं, म्हातारपणी, विचार करून. दुसऱ्या कोणी ते त्याच्या नावावर फुकट चढवू नये.

८ ऑगस्ट २०२१ ला तो गेला.

आता कामाचं. हक्क वारसांकडे आहेत. एस्टोनियात लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं, भारतात साठ. 'अंक छोटा आहे, मानधन नाही' हे कारण चालत नाही, परवानगी लेखी घ्या. ताल्लिनचं एस्टोनियन साहित्य केंद्र परदेशी भाषांतरकारांना वारसांशी जोडून देतं, उत्तरं नीट येतात. पुस्तक करायची वेळ आली तर त्यांच्या सांस्कृतिक निधीची 'त्रादुक्ता' नावाची भाषांतर अनुदानाची योजना आहे. शब्द बघायला एस्टोनियन भाषा संस्थेचा 'सोनावेब' हा कोश फुकट उघडतो. त्यात शब्दाची सगळी विभक्तिरूपं आणि उच्चार मिळतात. बारा कवितांना साधारण तीन महिने द्या. मी दोन वर्षं घेतली, पण मी आळशी आहे.

आणि धुण्याच्या कवितेतली दुसरी ओळ. इंग्रजीत 'फर्नेस' आहे म्हणून तुम्ही 'भट्टी' लिहिलंय. मूळ शब्द 'आही'. ती लोखंड वितळवण्याची भट्टी नाही, स्वयंपाकाची चूलही नाही. मी पहिल्या मसुद्यात 'चूल' लिहून बरीच वर्षं तशीच वाचून दाखवत होते. ही विटांची, भिंतीएवढी उंच बांधलेली शेगडी असते. सकाळी बर्चची लाकडं घालून पेटवायची, विटा तापतात आणि दिवसभर घराला ऊब सोडत राहतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आपल्याकडे ती वस्तू नाही म्हणून शब्दही नाही. हल्ली मी 'घर तापवणारी शेगडी' लिहिते, आणि 'शेगडी कधी पेटवून होत नाही' म्हणताना ओळ जरा लंगडते. तुम्हाला याहून बरं काही सुचलं तर मला कळवा. पण भट्टी आजच काढा.